लाल प्रकाश खाली का दिसत नाही

विश्वाचं कोडं सोडवायला निघालेल्या माणसाला वाट एकट्यानंच चालावी लागते. सूर्याच्या पोटात उठलेलं वादळ जो पृथ्वीच्या टोकावरच्या आभाळात वाचतो, त्याला ना सोबती ना सावली. त्याच्या वाट्याला फक्त अफाट अवकाश. प्रा. संघपाल गजभारे यांच्या वाट्याला त्या सकाळी अवकाश जरा कमीच आला होता. लातूर-नांदेड बसच्या तिघांच्या बाकावर ते चौथे होते आणि मांडीवर दीडशे पेढ्यांचा खोका होता.

पेढे होते, कारण त्या दिवशी नांदेडला सरांची खुली मौखिकी होती. प्रबंध लिहून झाला, बाहेरच्या तज्ज्ञांनी तपासून पाठवला, की पीएच.डी.च्या उमेदवाराला शेवटी चारचौघांसमोर उभं करतात. दार उघडं ठेवायचं, कोणीही यावं, काहीही विचारावं, असा नियम आहे. कोणी येत नाही आणि आलेला काही विचारत नाही, अशी रीत आहे. नियम आणि रीत यांच्यामधली जागा भरून काढण्यासाठी उमेदवार जेवण ठेवतो.

सरांचा विषय होता ध्रुवीय प्रकाश. उत्तर ध्रुवाजवळ हिवाळ्यात आभाळभर हिरवे-लाल पडदे हलतात, तो. सरांनी तो कधी पाहिला नव्हता. नॉर्वेतल्या कॅमेऱ्यांनी काढलेली आणि सगळ्या जगाला फुकट मिळणारी अडीच लाख छायाचित्रं उतरवून घेऊन, ती एकेक करून पाहत त्यांनी तेरा वर्षं काढली होती. बर्फसुद्धा त्यांनी रसवंतीवर पाहिला होता तेवढाच.

या तेरा वर्षांत त्यांना कोणी काही विचारलं नाही असं मात्र म्हणता येणार नाही. रेणापूरच्या कॉलेजात स्टाफरूममध्ये विचारायचे, “सर, झालं का?” लग्नाकार्यात विचारायचे, “अजून चालूच का?” पत्नी महामायाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका, जीव लावणारी बाई. त्या डबा भरून देताना विचारायच्या, “तुमचं ते हिरवं कुठवर आलं?” आणि उत्तर यायच्या आत झाकण लावायच्या. मधे एकदा सूर्यावर मोठं वादळ झाल्याची बातमी पेपरात आली, तेव्हा तर एका दिवसात सात फोन आले. सर हरखून गेले. सातही जणांना एवढंच हवं होतं, की आज बोअरची मोटार चालू केली तर जळेल का.

पण खुद्द त्या प्रकाशाबद्दल कोणी कधी काही विचारलं नव्हतं. तो असा का, तसा का नाही, एवढंसुद्धा नाही. पदवीची सरांना धाकधूक नव्हती. ती मिळते; परीक्षकांचा निकाल आदल्या दिवशीच टाइप झालेला असतो, फक्त वेळ टाकायची राहते. सरांना आज एवढंच हवं होतं, की कोणीतरी आपणहून उठावं आणि विचारावं. मग ते सांगणार होते. बस लोह्याच्या पुढं गेली तेव्हा त्यांनी मनातल्या मनात सांगून पाहिलंही. शेजारच्या म्हातारबांनी त्यांच्या हलणाऱ्या ओठांकडं पाहिलं आणि आदरानं थोडं सरकून बसले. त्यांना वाटलं, माणूस जपाला लागला.

सरांच्या मौखिकीच्याच दिवशी, त्याच सभागृहात, बजरंगची पण मौखिकी होती. बजरंग देगलूरकडचा, सिव्हिल इंजिनिअर, सरांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. त्याचा विषय बांधकाम प्रकल्पांचं व्यवस्थापन, आणि त्यातही सरकारी इमारती का रखडतात हे. दोघांची मौखिकी एकाच दिवशी यायचं कारण असं, की संशोधन केंद्राच्या नव्या इमारतीचे खांब सहा वर्षांपासून आभाळाकडं बोटं करून उभे होते आणि जुन्या इमारतीत सभागृह एकच होतं. ही नवी इमारत बजरंगच्या प्रबंधात तिसऱ्या प्रकरणात होती. प्रबंध पूर्ण झाला. तिसरं प्रकरण अजून सळया वर काढून उभंच होतं.

बजरंग आणि सर नांदेडात तीन वर्षं एका खोलीत राहिले होते. सर अभ्यास रजेवर आले तेव्हा तरोडा नाक्याच्या आजूबाजूला खोली शोधत फिरले. घरमालक चहा पाजायचे, आडनाव विचारायचे, आणि मग त्यांना आठवायचं, की खोली कालच गेली. अशा काल गेलेल्या चार खोल्या पाहून सर केंद्राच्या पायरीवर बसले होते, तेव्हा बजरंग म्हणाला, “सर, माझ्या खोलीत या. मालक इचारायला आला तर मी हाय. तसा तो येत न्हाई, त्याचा जिना बी अर्धाच झालाय.”

तीन वर्षं दोघं दहा बाय बाराच्या त्या खोलीत. संध्याकाळी सर स्टोव्हवर चहा ठेवायचे आणि बोलायला लागायचे. कुठला कण, कुठली उंची, कुठला रंग. बजरंग भिंतीकडं तोंड करून पडलेला असायचा, कानात वायरी घातलेल्या. कधी तो घोरायचासुद्धा. तरी सर बोलायचे. भिंत ऐकत होती, असं त्यांनी धरून चाललं होतं. मग रजा संपली, सर लातूरला परतले, आणि लातूरच्या भिंतींना तर टीव्ही होता.

केंद्रावर पोचले तेव्हा दहा वाजले होते. आवारात देगलूरहून आलेला टेम्पो उभा होता आणि त्यातून बजरंगची बावीस माणसं उतरत होती. सर्वांत आधी उतरले किशनराव, बजरंगचे मामा. चाळीस वर्षं बांधकामांवर मुकादमी केलेला माणूस, डोक्याला फेटा, आवाज असा की चौथ्या मजल्यावरच्या गवंड्याला खालून शिवी पोचावी. सरांकडून फक्त सर आले होते. महामायाबाईंच्या शाळेत तपासणी होती. त्यांनी पेढे पाठवले होते.

विभागप्रमुख विरूपाक्ष सरांनी त्यांना पॅसेजमध्येच गाठलं.

“गजभारे, प्रश्न कुठंयत?”

“कोणते, सर?”

“लोक विचारतील ते.”

“लोक विचारतील ते लोकांकडंच असतील ना.”

विरूपाक्ष सरांनी त्यांच्याकडं असं पाहिलं, जसं तेरा वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी पाहिलं होतं. “अहो, इतिवृत्तात एक रकाना असतो. ‘श्रोत्यांनी विचारलेले प्रश्न’. तो रिकामा गेला, की फाइल परत येते. मागं एकाची गेली, तो अजून डॉक्टर व्हायचाय. बजरंगनं बघा, पाच चिठ्ठ्या दिल्यात, उत्तरांसकट. चला, लिहा.”

“सर, एखादा खरोखरच विचारील.”

“हौदु, हौदु,” विरूपाक्ष सर त्यांच्या गावाकडच्या कानडीत म्हणाले, “विचारील की. पण तोवर लिहून ठेवा.”

आता ही चिठ्ठ्यांची पद्धत कोणी काढली हे सांगता येणार नाही, पण ती सांभाळली भुजंगनं. भुजंग केंद्राचा शिपाई. गेली वीस वर्षं तो मौखिकीला श्रोत्यांत चिठ्ठ्या वाटत होता आणि त्याचा निवडीचा हात बसला होता. “चष्मेवाल्याला द्यायची न्हाई,” तो सांगायचा. “तो वाचतो आन् खिशात ठिवतो. फेटेवाल्याला द्यायची. तो उठतोच.”

सरांनी व्हरांड्यातल्या बाकावर बसून एकच चिठ्ठी लिहिली. तेरा वर्षांत जो प्रश्न कोणीतरी विचारावा असं त्यांना वाटत आलं होतं, तो. लिहिताना त्यांनी अक्षर जरा वेगळं काढलं. आपलंच पत्र आपल्याला आल्यासारखं वाटू नये म्हणून.

भुजंगकडं दोन लिफाफे झाले. अकराला पहिली मौखिकी गजभारे सरांची, म्हणून त्यांच्या एका चिठ्ठीचा लिफाफा पहिला. साडेबाराला बजरंगची, म्हणून त्याच्या पाच चिठ्ठ्यांचा लिफाफा दुसरा. सगळं काटेकोर. अकराला पाच कमी असताना बजरंगच्या परीक्षकांनी सांगितलं, की त्यांना दोनची गाडी गाठायची आहे, तेव्हा बांधकाम आधी घ्या आणि आभाळ नंतर. विरूपाक्ष सरांनी तसं माइकवरून जाहीर केलं. भुजंग तेव्हा पाण्याचे जार मोजून घेत होता.

बजरंग बोलायला उभा राहिला. त्यानं पडद्यावर आलेख दाखवले, रंगीत पट्ट्या दाखवल्या, सहा वर्षांचे खांब दाखवले. परीक्षकांनी संदर्भसूचीतल्या स्वल्पविरामांबद्दल दोन अवघड प्रश्न विचारले. मग विरूपाक्ष सर सभागृहाकडं वळले. “श्रोत्यांपैकी कोणाला काही शंका?”

पहिल्या रांगेतून फेटा उठला.

किशनरावांनी चिठ्ठी हातभर लांब धरली आणि भाच्याच्या कल्याणासाठी सगळा आवाज लावला. “ध्रुवीय प्रकाशात! हिरवा रंग! खाली दिसतो! पण लाल रंग फक्त लई उंचावरच का दिसतो? खाली का दिसत न्हाई?”

‘लई’ तेवढा किशनरावांनी पदरचा घातला होता. बाकी सगळं सरांचं होतं.

देगलूरच्या बावीस जणांनी एकमेकांकडं पाहिलं. मामा एवढं खोल काही विचारतील असं कोणालाच वाटलं नव्हतं. परीक्षक घाईघाईनं प्रबंधाची अनुक्रमणिका चाळू लागले. विरूपाक्ष सरांनी डोळे मिटून घेतले. आणि तिसऱ्या रांगेत गजभारे सर अर्धे उठले, आणि अर्धेच राहिले. तेरा वर्षांत एक प्रश्न आला होता, आणि तोही दुसऱ्याच्या दारात. उठून काय म्हणायचं? ‘तो माझा आहे, इकडं द्या’?

बजरंगनं मामांकडं पाहिलं. चिठ्ठीकडं पाहिलं. मग तिसऱ्या रांगेकडं. सरांना वाटलं, आता तो म्हणेल, प्रश्न विषयाबाहेरचा आहे, आणि संपेल.

“चांगलं इचारलंत, मामा,” बजरंग म्हणाला. “वर हवेत ऑक्सिजनचे अणू असतात. सूर्याकडनं निघालेलं वारं, त्यातले कण पृथ्वीच्या चुंबकाच्या वाटेनं धावत येतात आणि त्या अणूला धडकतात. धडक बसली की अणूत ताकद भरते. ती ताकद तो उजेडानं बाहेर टाकतो. आता हिरवा उजेड टाकायचा तर त्याला पाऊण सेकंद लागतो. लाल टाकायचा तर जवळजवळ दोन मिनिटं. मामा, स्लॅब टाकल्यावर खालच्या टेकूंची सेंट्रिंग कधी काढता?”

“चवदा दिवसांनी,” किशनराव म्हणाले. मग सभागृहात साहेब लोक बसलेत हे आठवून प्रामाणिकपणे म्हणाले, “घाई असली तर धा.”

“आन् तिसऱ्या दिवशी काढली तर?”

“बसतोय की खाली!”

“तसंच हाय हे. दोन मिनिटं त्या अणूला कोणी हात लावला न्हाई, तरच लाल उजेड पडतो. खाली हवा दाट. गर्दी. दोन मिनिटांत कोणी ना कोणी येऊन आदळतंच, आणि जमवलेली ताकद त्या आदळण्यातच जाते. उजेड पडत न्हाई. दोनशे किलोमीटरच्या वर मातर हवा इतकी विरळ हाय, की अणूला शेजारीच न्हाई. तिथं तो एकटा असतो. म्हणून लाल तिथंच.”

“एकटा असल्यावरच?”

“एकटा असल्यावरच.”

किशनरावांनी क्षणभर विचार केला. “मग लई वंगाळ काम हाय त्याचं,” ते म्हणाले आणि खाली बसले. बावीस जणांनी टाळ्या वाजवल्या. परीक्षकांनी अहवालात लिहिलं, ‘उमेदवाराचा दृष्टिकोन आंतरविद्याशाखीय व स्तुत्य.’

सर तिसऱ्या रांगेत बसून राहिले. ‘अणूला शेजारीच नाही’ हे वाक्य त्यांचं होतं. नक्की कधीचं, तेही त्यांना आठवलं. चहा उतू गेला होता त्या संध्याकाळचं. बजरंग भिंतीकडं तोंड करून पडला होता आणि त्याच्या कानातली वायर फोनला नव्हे, चादरीच्या टोकाला पोचली होती. तेव्हा सरांना वाटलं होतं, याचा फोन हरवला वाटतं.

साडेबाराला सर स्वतः उभे राहिले. देगलूरची माणसं जागची हलली नव्हती. पुरीचा वास सुटला होता आणि पहिल्या पंगतीची जागा सभागृहाच्या दारातूनच दिसत होती. सरांनी चाळीस मिनिटं पडदे दाखवले, हिरवे, जांभळे, लाल. मागून एकदा “साडीचा रंग चांगलाय” असं ऐकू आलं. त्यांच्या परीक्षकांनी विचारलं, की एकशे सतरावं पान कोरं का आहे. सर म्हणाले, चुकून राहिलं. परीक्षक म्हणाले, समाधानकारक.

“श्रोत्यांपैकी कोणाला काही शंका?”

सरांना ठाऊक होतं, त्यांच्या चिठ्ठीचा प्रश्न खर्ची पडला होता. आता कोणी उठणार नाही. पण भुजंगनं दुसरा लिफाफा चोख वाटला होता. उठल्या त्या कमलम्मा, किशनरावांच्या पत्नी, सीमेपलीकडच्या. घरी तेलुगू बोलणाऱ्या आणि मराठी एकेका अक्षरावर थांबून वाचणाऱ्या.

“सर... कारी... इमा... रती,” त्या वाचत होत्या आणि अख्खं सभागृह त्यांच्याबरोबर ओठ हलवत होतं, “र... खड... ण्याचं... सगळ्यात मोठं... कारण... तुमच्या... अभ्यासात... काय निघालं?”

वाचून झाल्यावर त्यांनी चिठ्ठी नीट घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि, आता सांगा बाबा, अशा चेहऱ्यानं सरांकडं पाहिलं.

विरूपाक्ष सर माइककडं सरसावले. सरांनी त्यांना हातानं थांबवलं. बजरंगनं सरांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. मग त्याच्या प्रश्नाचं आपण द्यायचं. एवढं तर आलंच पाहिजे. तीन वर्षं एका खोलीत होतो.

ते आठवू लागले. खोलीतली समोरची भिंत आठवली. तिच्यावर बजरंगनं एक मोठा आलेख लावला होता. हाच, आज पडद्यावर दाखवला तो. लाल-निळ्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीखाली बारीक अक्षरात कारण लिहिलेलं. सगळ्यात लांब पट्टीवर काय लिहिलं होतं? ती पट्टी सरांना दिसेना. कारण तिच्यावर एक ओला टॉवेल होता. त्या आलेखाच्या खिळ्याला सर रोज आंघोळीनंतर टॉवेल अडकवायचे. तीन वर्षं. बजरंगनं तो कधी काढून टाकला नाही; एकदा फक्त आलेख वीतभर वर सरकवला. दुसऱ्या दिवशी सरांनी टॉवेलही वीतभर वर अडकवला. आणि आज सकाळी पडद्यावर तोच आलेख उघडा समोर आला, तेव्हा सर आपल्या भाषणाचे कागद लावत होते.

लातुरात सात फोन आले होते, बोअरची मोटार विचारायला. बजरंगला त्यांनी मोटारीइतकंही विचारलं नव्हतं.

“ताई,” सर म्हणाले. माइक खरखरला. “मला माहीत नाही.”

मौखिकीत हे वाक्य कोणी उच्चारल्याचं केंद्राच्या इतिहासात नोंदलेलं नव्हतं.

“हा प्रश्न ज्याचा आहे, त्याच्याबरोबर मी तीन वर्षं राहिलो. त्याला सगळं ठाऊक आहे. मी कधी विचारलं नाही.”

कोणीतरी मागून हसलं. मग आणखी दोघं-तिघं हसले. हा विनोद असावा, असं ठरून टाळ्या पडल्या. कमलम्मांनी शेजारणीला तेलुगूत काहीतरी विचारलं. शेजारणीनं खांदे उडवले. विरूपाक्ष सरांनी इतिवृत्तात लिहिलं: ‘श्रोत्यांनी प्रश्न विचारले. उमेदवारानं विनम्रपणे उत्तरं दिली.’ निकाल वाचून झाला. वेळ टाकली, एक वाजून बावीस मिनिटं. संघपाल गजभारे डॉक्टर झाले. शाल आली, नारळ आला, दीडशे पेढे तेरा मिनिटांत संपले. किशनरावांनी सरांचा हात हातात घेऊन हलवला आणि म्हणाले, “तुमचं ते लायटिंग लई भारी. किती वॅटचं असंल?”

“मोजलं पाहिजे,” सर म्हणाले.

महामायाबाईंना त्यांनी फोन केला. “झालं,” ते म्हणाले. “झालं का? बरं झालं,” त्या म्हणाल्या. मागं घंटा वाजत होती. “कोणी काही विचारलं का?” आणि सर सांगणार, तेवढ्यात तपासणीचे साहेब वर्गात शिरले आणि फोन बंद झाला.

चार वाजेपर्यंत पंगती उठल्या. टेम्पोत माणसं चढू लागली. सर सभागृहात परत आले तेव्हा आत बजरंग एकटाच होता. मंडपवाल्याच्या खुर्च्या एकात एक घालून तो भिंतीला लावत होता. अंगात नवा कोट, कोटाच्या बाह्या वर सारलेल्या, गळ्यात सत्काराचा हार तसाच.

“तू ऐकत होतास?” सरांनी विचारलं.

“काय?”

“ते. रोज संध्याकाळचं.”

“सर,” बजरंग म्हणाला, “दहा बाय बाराची खोली. न्हाई ऐकायचं म्हटलं तरी जातो कुठं माणूस?”

“मग कानात वायर कशाला घालायचास?”

“तुम्हाला लाजल्यावानी होऊ नये म्हणून. कोणी ऐकायलंय असं दिसलं, की तुम्ही लेक्चर द्यायलाव. न्हाई दिसलं, की सरळ बोलायलाव.”

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला, किशनरावांचा आवाज त्याच्यावरून वाजला. खिडकीतून नव्या इमारतीचे खांब दिसत होते. एका खांबाच्या सळईवर कोणीतरी आपली बनियन वाळत घातली होती.

“बजरंग.”

“हां, सर.”

“खरंच काय निघालं रे? सगळ्यात मोठं कारण?”

बजरंगनं हातातली खुर्ची खाली ठेवली. त्याच्याकडं पाच चिठ्ठ्यांची पाच उत्तरं पाठ होती, ती सकाळपासून तशीच राहिली होती. त्याच्या परीक्षकांनी त्याला स्वल्पविराम विचारले होते. मामांनी आभाळ विचारलं होतं. त्यानं सरांकडं नीट पाहिलं, थट्टा तर नाही ना म्हणून.

“सांगू?”

“सांग.”

“लांबडं हाय, सर.”

“असू दे. माझी बस सहाची आहे.”

“मधी टोकायचं न्हाई.”

“नाही टोकत.”

बजरंगनं गळ्यातला हार काढून खिडकीत ठेवला. घसा खाकरला. दोन्ही हात कोटाला पुसले, एकदा छताकडं पाहिलं, तोंड उघडलं, आणि मग त्याची नजर खाली गेली.

“सांगतो,” तो म्हणाला. “पण आधी ती सतरंजी त्या टोकानं धरा बरं. मंडपवाला कवाचा बोंबलायलाय.”